आईचा टोमणा, बाबांचा उजवा हात

आईने टोमणा मारला, म्हणून बाबा वाचले.

आज तिला जाऊन वर्ष झालं. म्हणून हे लिहितेय.

काही वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या दिवशी तिने बाबांना माळ्यावरून मखर काढायला सांगितलं. बाबा उठले आणि मान धरून परत बसले.

थोड्या वेळात त्यांचा उजवा हात आणि पाय लुळे पडले.

शेजारच्या भाभी धावत आल्या. "लकवा है, जल्दी ले जाओ!"

आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागातल्या हॉस्पिटलमध्ये डोक्याचा सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. तरुण डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक वाटतोय, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यावं लागेल.

मी सहीसाठी पेन उचललं.

आई घाबरली की तिची जीभ जास्तच चालायची.

"काम सांगितलं की बरोब्बर हात गळतो तुमचा!"

बाबा हसले. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या, तोंडभर.

डॉक्टर थबकले. "अंकल, एक बार फिर हँसिए."

"इनसे कहिए, एक बार फिर डाँटें," बाबा आईकडे बघत म्हणाले.

स्ट्रोकमध्ये बहुतेकदा होतो तसा चेहरा कुठेही वाकडा नाही. बोलणं साफ.

"पहले कहीं दर्द हुआ था?"

"गर्दन पकड़ के बैठ गए थे," आई म्हणाली. "मैं समझी, बहाना है."

इंजेक्शन थांबलं. मानेचा एमआरआय झाला.

रक्तस्राव मणक्यात होता, मानेपाशी. साकळलेलं रक्त मज्जारज्जू दाबत होतं.

स्ट्रोकमध्ये ते इंजेक्शन माणसाला वाचवतं. बाबांना मात्र स्ट्रोक नव्हताच. त्या इंजेक्शनने त्यांचा रक्तस्राव आणखी वाढला असता.

तसंच इंदूरला नेलं. ऑपरेशन झालं. मग कितीतरी महिने फिजिओथेरपी, आणि घरी आईची.

"चमचा उजव्या हातात. नाहीतर श्रीखंड मी संपवते."

ती खरंच संपवायची.

आज सकाळी आईच्या तर्पणासाठी राम घाटाच्या पायऱ्या बाबा स्वतः उतरले. मी नुसती शेजारी.

गुरुजी म्हणाले, "आप बैठिए, बिटिया कर देगी."

बाबांनी ऐकलं नाही. उजव्या हातावरून, अंगठ्याच्या बाजूने, सावकाश पाणी सोडलं. हात हलला नाही.

मग क्षिप्रेकडे बघत हळूच म्हणाले,

"बघ. गळला नाही."

आई, तू आता निवांत राहा. यांना टोमणे मारायचं काम मी घेतलंय.

तुला मनापासून नमस्कार.