उन्हात उघडलेल्या पट्ट्या

"पाटील, हा काळा कागद कोणी सोडला?"

"म्याच. पंचांच्या म्होरं." रंगनाथ पाटील ताठ उभे होते. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावाचे ते पोलीस पाटील. चावडीपुढे पोतं अंथरलं होतं आणि त्यावर आमच्या बारा काचपट्ट्या भर उन्हात ओळीने मांडल्या होत्या.

त्या पट्ट्यांचं महत्त्व सांगतो. अंतराळातून रेडिएशन सतत येत असतं. जमिनीवर आपल्या डोक्यावर हवेचं जाड पांघरूण असतं. विमान जितकं उंच जाईल तितकं ते पातळ होतं. प्रवासी एकदा जाऊन येतो, पण पायलट आणि एअर होस्टेस रोज वर असतात. त्यांच्या अंगावर किती रेडिएशन पडतं, हे आम्हाला मोजायचं होतं. त्यासाठी हैदराबादहून बलून सोडायचं, विमानाच्या उंचीवर तरंगत ठेवायचं आणि पेटी पडेल तिथे जीप घेऊन जायचं. मी त्यातला टेक्निशियन. पट्ट्यांवर फिल्मसारखा लेप असतो, त्यावर किरणांच्या खुणा उमटतात. एक्स-रेच्या फिल्मसारखंच, ऊन लागलं की सगळं काळं.

पाटलांनी पंचनामा वाचून दाखवला. बेवारस वस्तू सापडली की नगवार नोंद करायची, हा त्यांचा शिरस्ता. "काळ्या कागदातील काचेच्या पट्ट्या, नग बारा. प्रत्येक पट्टी उन्हात धरून पाहिली. मजकूर आढळला नाही."

"उघडायच्या नव्हत्या हो पाटील!"

"तसं कुठं लिवलंय? गुरुजींनी पेटीवरचं इंग्रजी वाचलं की. 'शास्त्रीय उपकरण, धोका नाही, परत करा.' आता लढाई हुऊन गेल्याली, हेराचं काय असंल तर? न बघता कसं ठिवायचं? एक नग गहाळ न्हाई, सायब. मोजून घ्या."

लेबल छापताना मीच आमच्या प्रोजेक्टच्या साहेबांना म्हणालो होतो, "सर, उजेडात उघडू नका, एवढं मराठी-तेलुगूत टाकू." साहेब म्हणाले होते, "उघडू नका लिहिलं की लोक हटकून उघडतात."

ऑफिसात रिपोर्ट टाइप होऊन तयार होता. 'स्थानिक व्यक्तीने उपकरणाची नासधूस केली.'

"सर, नासधूस नाही. त्यांनी पंचनामा केलाय. आपल्याच लेबलवर..."

"लेबल कोणी पास केलं?"

"आपण."

"मग? प्रोजेक्ट बंद पाडायचाय? आणि तुमचं कन्फर्मेशन अजून व्हायचंय ना?"

मी सही केली. महिन्याभरात कन्फर्मेशन झालं.

रिपोर्टची प्रत कलेक्टर कचेरीत गेली आणि रंगनाथ पाटील सस्पेंड झाले. त्यांचं पोस्टकार्ड आलं. 'सायब, तुमी समोर हुता. खरं काय ते दोन वळी लिहून द्या.' दोनच ओळी हव्या होत्या. मी लिहिल्या नाहीत. याची लाज आजही वाटते आणि वाटलीच पाहिजे.

पुढच्या वर्षी नवी पेटी त्याच भागात उतरली. या वेळी लेबलवर 'उजेडात उघडू नका' हे चार भाषांत होतं आणि ती सूचना साहेबांच्या नावावर जमा होती. आम्ही चार दिवस गावं पालथी घातली. जो तो म्हणे, "न्हाई बा, काय पडलं न्हाई." पाचव्या दिवशी पेटी एका कोरड्या विहिरीत मिळाली. दगड लागून पट्ट्यांचा चुरा झाला होता. पेटी आपोआप पडली नव्हती. वर भलामोठा काट्याचा भारा टाकला होता.

शेजारच्या बांधावर एक म्हातारी शेळ्या वळत होती. मी विचारलं, "मावशी, ही पेटी दिसली होती का कोणाला?"

"दिसली की समद्यांला."

"मग चावडीवर का नाही कळवलं?"

"रंगनाथानं कळवलं हुतं," ती म्हणाली आणि शेळ्या हाकत निघून गेली.

विमानाच्या उंचीवरचा आमचा आकडा त्या वर्षीही हाती आला नाही. वर तरंगणारी पेटी खाली कोणाच्या तरी भरवशावरच उतरते. तो भरवसा मी एका सहीत मोडला होता.