ही रेघ विसरा

पांढऱ्या फळ्यावर निळ्या मार्करने दोन चौकोन काढायचे, मध्ये एक रेघ ओढायची आणि लगेच ती तळहाताने पुसायची. "ही रेघ विसरा." आमच्या अंधेरीच्या ऑफिसात प्रत्येक नव्या कामाची सुरुवात त्याने अशीच केली. तळहात दिवसभर निळा.

तो आमचा टीमप्रमुख, आम्ही त्याला सर म्हणायचो. इथे म्हणणार नाही.

एक चौकोन म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर, दुसरा म्हणजे दूरचा सर्व्हर आणि रेघ म्हणजे मधली वायर. प्रोग्रामरने इथे माहिती बदलायची, ती तिकडे आपोआप जतन होणार. मध्ये वायर आहे हे कुणाच्या लक्षातही येता कामा नये, हे त्याचं डिझाइन. ऐकायला झकास. असे डिझाइन करणारे तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या चित्रात माणूस कुठेच नसतो.

बोरीवलीच्या एका हॉस्पिटलचं काम आलं. जतनचं बटण दाबलं की हिरवी खूण दिसायची. मी म्हटलं, "सर, सर्व्हरचं उत्तर आल्यावर खूण दाखवू या."

"किती वेळ लागेल?"

"दोन सेकंद."

"अरे मित्रा, दोन सेकंदांत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. बटण दाबलं की हिरवं. बाकी मागे होत राहील."

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या शेजारी बसून त्याने मला कितीतरी शिकवलं होतं, अगदी डबा बाजूला ठेवून. ते मी नाकारत नाही. म्हणून गप्प बसलो, आणि ती खूण मीच लिहिली.

हॉस्पिटलच्या तळघरात डायलिसिस चालायचं. तिथल्या सिस्टर दहिसरहून यायच्या, मूळच्या मालवणच्या. एका आजोबांना पेनिसिलिन चालत नाही, हे त्यांनी कॉम्प्युटरवर भरलं. खूण हिरवी झाली. ड्युटी संपल्यावर त्यांनी रोजच्यासारखा कॉम्प्युटर बंद केला, फडक्याने पुसला आणि घरी गेल्या. वायर तुटलेली होती. नोंद त्या कॉम्प्युटरच्या मेमरीतच अडकलेली होती, बंद करताच गेली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना ॲलर्जीचा रकाना कोरा दिसला. त्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं.

आजोबा तीन दिवस आयसीयूत होते. वाचले. सिस्टरांना निष्काळजीपणाची नोटीस मिळाली. नोकरी जाणार हे उघड होतं.

हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी चौकशीला आम्हा दोघांना बोलावलं. जिन्यात तो मला म्हणाला, "वायरचा विषय काढायचा नाही." आत गेल्यावर शांतपणे म्हणाला, "सिस्टीममध्ये असं होतच नाही. त्यांनी भरलंच नसेल."

"मी भरलंय ओ," सिस्टर म्हणाल्या. "हिरवा बघूनच उठलंय."

त्याने मान हलवली. लहान मुलाच्या थापा ऐकताना हलवतात तशी. बाईंची नोकरी जायची वेळ आली होती आणि तो घड्याळ बघत होता.

मी उठलो. समोरच्या कॉम्प्युटरची वायर उपटली, एका खोट्या पेशंटचं नाव भरलं आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली.

"पण वायर काढतं कोण?" तो म्हणाला.

"उंदीर काढतत, सायबानु," सिस्टर म्हणाल्या. "तळघरात येऊन बघा एकदा."

मोठे डॉक्टर हसले. त्यांनी नोटीस मागवून घेतली आणि फाडली. तो खिशातल्या रुमालाने तळहात पुसत राहिला. शाई निघत नव्हती. क्षणभर मला त्याची कीव आली. खाली उतरताना म्हणाला, "माझ्या पाठीत सुरा खुपसलास." सिस्टरांबद्दल एक शब्द नाही. मग कीवही संपली.

महिन्याभरात तो मुलुंडच्या एका मोठ्या कंपनीत, मोठ्या पदावर गेला. केक कापला, टाळ्या झाल्या. तिथेही फळा असणारच.

परवा मी तळघरात गेलो होतो. सिस्टरांनी नोंद भरली, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून थांबल्या. आता खूण यायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात मला तो आठवला. त्याला तेवढा वेळ पुरे.