देवडीवर कोणी नाही

कॅमेरा डोळ्याला लावायचा, दुसरा डोळा मिटायचा, श्वास रोखायचा आणि बटण न दाबताच कॅमेरा खाली घ्यायचा. मग इकडंतिकडं बघून हाक मारायची, "ओ मामा, इकडं या जरा. हां, असं हितं उभं ऱ्हावा. हलू नका."

आमचे चाचा असे फोटो काढायचे आणि आम्ही कपाळावर हात मारून घ्यायचो.

कारण माणसांचे फोटो काढणं हे आमचं कामच नव्हतं. नांदेडातल्या आमच्या छोट्याशा संस्थेत जुन्या इमारतींची नोंद होते. वेशी, बारवा, दर्गे, मठ, जुन्या कचेऱ्या. मी नकाशे काढते, चाचा फोटो काढायचे. कुठं डागडुजी निघाली की मिस्त्री आमचा नकाशा आणि फोटो समोर ठेवून दगडाला दगड जुळवतात. म्हणून नियम साधा होता. फोटोत माणूस नको. उंची कळावी म्हणून काळी-पांढरी पट्टी भिंतीला टेकवायची, बस्स. असे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यात सगळी गावं ओस पडल्यासारखी दिसतात.

चाचांच्या फोटोत मात्र जत्रा. हिमायतनगरकडच्या एका बारवेच्या पायरीवर शेळ्यांसकट एक बाई. जळकोटच्या बाजूला एका मठाच्या दारात अर्धी दाढी झालेला माणूस, न्हाव्याच्या पुढ्यातून उठवून आणलेला! मोठे साहेब असले फोटो परत पाठवायचे आणि मी चाचांशी भांडायचे.

"चाचा, त्या बाईनं खांबाची सगळी नक्षी झाकली!"

"खांब कुठं जातो बेटा? उद्या काढू. बाई उद्या भेटंल का?"

"मग निदान पट्टी तरी लावा."

"लावली की. बघ, तिच्याच हातात हाय."

असायची खरंच हातात, पण उलटी. मी आणखी चिडले की ते न बोलता डबा उघडून समोर सरकवायचे. चाचीच्या हातची खिचडी आणि चिंचेचं खट्टं पोटात गेल्यावर भांडायला अंगात काय राहणार? मला वाटायचं, म्हातारपणची हौस आहे, चालू द्या.

पुढं जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचं काम माझ्याकडं आलं आणि मी चक्रावले. चाचांच्या तरुणपणच्या फोटोंत एकही माणूस नव्हता. साधं कुत्रंसुद्धा नाही. त्यातच औशाकडच्या एका गावच्या वेशीचा फोटो होता. काय फोटो होता! दगड न दगड मोजून घ्यावा. कमानीच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे राखणदारांनी बसायचे दगडी ओटे, आणि त्यांच्यावर तिरपं ऊन. भूकंपात ते गाव गेलं, वेशीची कमान कोसळली. आता ती कमान पुन्हा उभी राहतेय ती या एका फोटोच्या जिवावर. मिस्त्री म्हणतात, मधे कोणी कडमडलं नाही म्हणून आम्हाला दगड सापडले.

मी तो फोटो मोठा छापून भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी बघते तर तो उलटा, तोंड भिंतीकडं. मी सरळ केला, तर पुन्हा उलटा. शेवटी चाचांना धरलं.

"नको लावू बेटा ते. त्याच्यात एक बाई हाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. देवडीवर कोणी नव्हतं.

"हाय," चाचा म्हणाले. "मीच काढली तिला भायेर."

त्या दिवशी ती बाई डाव्या देवडीवर काकडीसारखी वाळकं विकत बसली होती. चाचा घाईत होते. म्हणाले, "मावशी, जरा बाजूला व्हा. फक्त वेस पाहिजे." बाई कसली ऐकते! "का रं? वेस तुझ्या बापाची हाय का?" चाचांनी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तेव्हा ती उठली. पाटी उचलता उचलता म्हणाली, "माझ्या सासऱ्याला ह्याच वेशीत बाजूला हो म्हणायचे. आमी बौद्ध झालो, तवापासून हितं कुणाची टाप न्हाई आमाला उठवायची. आता तू आलास." आणि ती फोटोच्या बाहेर जाऊन उभी राहिली. थोड्याच दिवसांत भूकंप झाला आणि त्यात ती गेली.

"मला मालूम नव्हतं बेटा," चाचा म्हणाले. "मी फक्त ऊन बघत होतो."

एवढं बोलून ते किती तरी वेळ लेन्स पुसत बसले. ती लेन्स आधीच लखलखीत होती.

आता तिच्या मुलाचं सांगायला हवं. तो लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर आहे. गाडी नांदेडला लागली की परत निघेपर्यंत त्याला थोडी सवड असते. भूकंपात घर गेलं, घराबरोबर पत्र्याची पेटी गेली, त्यामुळं आईचा एकही फोटो त्याच्याकडं नाही. वेशीचा फोटो आमच्याकडं आहे हे कळल्यावर तो पहिल्यांदा आला, तो दिवस मला आठवतो. खाकी कपडे, खांद्याला तिकिटाची बॅग. दारातूनच म्हणाला, "चाचा, माझी आई वेशीत बसायची. कुठं दिसती का बघा ना."

चाचांचा चेहरा पांढराफटक पडला. पण तोंडातून निघालं ते असं, "निगेटिव्ह लई हैत बेटे. पाहून राहिलो. पुढच्या फेरीला ये."

झालं! तेव्हापासून वर्षानुवर्षं हेच. तो यायचा, चाचा म्हणायचे, पाहून राहिलो. त्या गावच्या सगळ्या निगेटिव्ह मी स्वतः स्कॅन केलेल्या. त्यात ती नाही हे मला पक्कं माहीत. माझा संताप संताप व्हायचा.

"सांगून टाका ना चाचा! कशाला त्या बिचाऱ्याला झुलवत ठेवता?"

"सांगतो बेटा. पुढच्या फेरीला नक्की."

तोंड एवढंसं करायचे. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे दिसायचे, आणि मला त्यांची दया यायची, त्यामुळं आणखीच राग यायचा. मग तो आला की चाचा त्याला खुर्ची द्यायचे आणि त्याच्या आईचं काहीबाही सांगत बसायचे. ती कशी बसली होती, डोक्यावरचा पदर कसा सरकला होता. मी तेवढ्यात चहाच्या निमित्तानं उठून जायचे. पोराला फोटो द्यायचा नाही आणि गोष्टींवर बोळवण करायची, हे मला बघवत नसे.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. झोपेतच गेले. आजार नाही, तक्रार नाही.

त्यानंतर कंडक्टर आला तेव्हा त्याला ते कळलेलं होतं. तो चाचांच्या खुर्चीकडं बघत उभा राहिला, बसला नाही. मी मनाशी ठरवलं, आता ही लपवाछपवी बंद. त्याला सगळं सांगितलं. तुमच्या आईचा फोटो नाही, कधीच नव्हता, चाचांनीच त्यांना बाजूला केलं होतं.

"माहीत हाय मॅडम," तो म्हणाला.

"काय?"

"आईनंच सांगितलं होतं, त्याच सांजेला. मी सुट्टीवर गावात होतो. लई हसली ती. म्हणली, एक फोटोवाला आलता, त्याला चांगला झापला. पर पोरगं घामाघूम झालतं, म्हणून जाताना एक वाळूक दिलं मीठ लावून."

ती हसली होती! आणि चाचा शेवटपर्यंत तो फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवत राहिले.

"अहो, मग हे चाचांना का नाही सांगितलं?"

तो खाली बघायला लागला. बॅगेचा पट्टा उगाच सारखा करत राहिला.

"पहिल्यांदा आलो तवा वाटलं, एखाद्या फोटोत कोपऱ्यात तरी असंल; चाचांचा चेहरा बघितला आणि कळलं, न्हाई. सांगितलं असतं तर त्यांचा जीव हलका झाला असता. पर मग ते आईचं सांगायचे थांबले असते ना. घरच्यांनी आईला एवढं ध्यानात ठिवलं न्हाई, मॅडम. मी बी न्हाई. चाचांना दर खेपेला काही तरी नवं आठवायचं. एकदा म्हणले, तिच्या हातावर गोंदलं होतं, मोर. मी इसरलो होतो तो मोर." त्यानं डोळे पुसले. "स्वार्थ झाला माझा. म्हाताऱ्या माणसाला उगं जाळत ठिवलं."

मी चहा सांगितला. पहिल्यांदाच चहासाठी उठून न जाता तिथंच बसून सांगितला.

कप हातात घेतल्यावर तो म्हणाला, "मागच्या फेरीला गाडी सुटायला आली होती, तेव्हा चाचांचा फोन आला. म्हणले, तुझ्या आईचं आणखी एक आठवलं, निवांत ये, सांगतो. मॅडम, तुम्हाला सांगितलं का त्यांनी? काय होतं ते?"

चाचा आले होते माझ्या टेबलाशी. गेले त्याच्या आदल्याच दिवशी. "बेटा, त्या कंडक्टरच्या आईचं एक आठवलं, ऐक ना," म्हणाले होते. मी मान वर न करता म्हणाले होते, "नंतर चाचा, स्कॅन अर्धं झालंय." "बरं बरं," म्हणाले आणि डबा धुवायला गेले.

कंडक्टर माझ्या तोंडाकडं बघत होता. सांगून टाका, सांगून टाका म्हणून मी चाचांचा जीव खाल्ला होता. आता सांगायची पाळी माझी होती.

"आठवून राहिले," मी म्हणाले. "पुढच्या फेरीला या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. चाचांकडं बघायचा तसंच, अगदी शांतपणे. बॅग खांद्याला अडकवली.

"येतो की," म्हणाला.