काकूजींच्या तोंडी माझं नाव

"अगं, सगळ्यांचंच होतं," असं म्हणत काकूजी पदराचं टोक कमरेला खोचायच्या. दूध उतू जाऊ दे, पुरणाची पोळी तव्यावर फुटू दे, सांत्वन तेच. पदर खोचला की समजायचं, आता त्या कुणाचं तरी नाव घेणार. "चिंता नको करूस, बिन्नू. ती फोरमनची बायको बघ. तिची तर भरली परात पाहुण्यांसमोर पालथी झाली होती!" ऐकणारीच्या जिवात जीव यायचा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. जरा आठवून पाहा.

बिन्नू म्हणजे इकडच्या बुंदेली बोलीत पोरगी, लाडाची. काकूजींचं घराणं झाशीत इतकं जुनं, की महाराष्ट्रातलं मूळ गाव कोणतं हे त्यांनाही धड सांगता यायचं नाही. स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणायच्या आणि पुढच्याच वाक्यात, "बिन्नू, चाय पिओगी?" काकू आणि वर जी, हे मला सुरुवातीला फार गमतीचं वाटलं होतं.

मी जालन्याकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि आमचे हे रेल्वेत फिटर म्हणून इकडे आले तशी मीही आले. मला हिंदी येत नव्हती, बाजारात भाव विचारायचीही धास्ती वाटायची. आसपास मराठी घरं चारच. काकूजींनी मला हाताला धरून भाजीवाल्यापाशी नेलं. "ये हमारी बहू है, इसको मत ठगना भैया," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आपल्याकडची रीत. पण मला आई नाही. वहिनीच्या मांडीवर तिचंच तान्हं, आणि सासूबाई आजारी सासऱ्यांना सोडून येऊ शकत नव्हत्या. दूरच्या मराठी सुनांचं असं काही अडलं की काकूजी जायच्या. दवाखान्यात सोबत एक बाई चालते, ती बाई कायम त्याच असायच्या. "इथे मीच तुमचं माहेर," म्हणायच्या. खरंच होतं ते.

मला कळांची तेवढी भीती नव्हती. भीती वेगळीच होती. गावाकडे एका बाईला भर बाळंतपणात संडास झाली होती आणि तिची गोष्ट पाणवठ्यावर वर्षभर पुरली होती. माझ्याजवळ काय होतं? शिक्षण नाही, माहेर नाही. चार बायकांत मान वर करून बसता येतं, एवढीच माझी पत.

कळा सकाळी सुरू झाल्या. रिक्षातच पाणी गेलं. मला वाटलं लघवीच झाली. मी रडत रिक्षावाल्याची माफी मागायला लागले. काकूजी पुढे वाकून म्हणाल्या, "भैया, पानी छूटा है, और कुछ नहीं. तुम सड़क देखो." मग माझ्या कानात, "आणि लघवी असती तरी काय? सगळ्यांचंच होतं."

आत टेबलावर सिस्टर ओरडत होती, "जोर लगाओ!" आणि मी जोर आवरत होते. खालून काहीतरी निघेल असं वाटत होतं, आणि ते मूल नव्हतं. काकूजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. पदर खोचला.

"त्याची भीती आहे होय? अगं, त्या फोरमनच्या बायकोचं झालं. तिच्या जावेचं झालं. ती बँकवाली एवढी टापटीप, पण तिचं तर दोनदा! उलटी पण, वारा पण, सगळं एकदम."

मी कळेतसुद्धा हसले. ती बँकवाली! इस्त्रीची साडी नेसून माझ्याशी इंग्रजी शब्द बोलायची. तिचंही?

आणि मी जोर लावला. झालं तेच, ज्याला मी घाबरत होते. सिस्टर ढिम्म. म्हणाली, "होता है. बच्चे का सिर नीचे दबाता है तो सब निकलता है. मतलब ज़ोर सही जगह लग रहा है." काकूजींनी पदर उलगडून मधे आडपडद्यासारखा धरला आणि दुसऱ्या हाताने, त्यांच्या स्वतःच्या हाताने, मला पुसलं. चेहऱ्यावर एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. सख्ख्या आईने याहून वेगळं काय केलं असतं? थोड्याच वेळात माझी मुलगी झाली.

वॉर्डात आल्यावर मी त्यांचा हात धरला. "काकूजी, कुणाला सांगू नका."

"माझ्या पोटात गेलं की गेलं," त्या म्हणाल्या आणि मुलीला टोपडं घालायला लागल्या.

मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा सासूबाई तिला बघायला आल्या. त्याच आठवड्यात समोरच्या घरातल्या सुनेचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, बायका गाणी म्हणत होत्या. ती पोर मात्र भेदरलेली. कुणीतरी चिडवलं, "काय गं, जेवत का नाहीस?" तर ती हळूच म्हणाली, "मला दवाखान्याची भीती वाटते. तिथे सगळ्यांसमोर काही झालं तर?"

काकूजींचा हात पदराकडे गेला. मी पाहिलं. माझ्या हातात बर्फीचं तबक होतं. मला वाटलं, बँकवालीचं नाव घेतील. ती तिथे आली नव्हती.

"अगं, सगळ्यांचंच होतं! हिला विचार की," आणि बोट माझ्याकडे. "ही तर रिक्षापासून सुरू झाली. रिक्षावाल्याची माफी मागत होती! आणि टेबलावर तर—" पुढचं त्यांनी हातवारे करून सांगितलं. फार रंगवून सांगायच्या त्या.

बायका हसून हसून लोळल्या. सासूबाई हसल्या नाहीत. मी तबक घेऊन तशीच उभी. ते ठेवायचं कुठे, हेच सुचेना.

आणि त्या पोरीकडे माझं लक्ष गेलं. तिचा चेहरा सैल झाला होता. डोळे पुसत हसत होती. बर्फी उचलून खाल्लीसुद्धा. माझ्याच तबकातली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "असलं परक्या बायकांत सांगत फिरतेस?" मी सांगितलं नव्हतं, हे त्यांना पटलं नाही. संध्याकाळी त्यांनी फोनवर नणंदेला सगळं ऐकवलं. माझी गोष्ट माझ्याआधी गावी पोचली. पाणवठ्याला आता माझं पुरणार होतं.

मी काकूजींकडे जाणं बंद केलं. त्याच आल्या, वाटीत सुंठीचे लाडू घेऊन.

"काय झालं, बिन्नू? येत नाहीस."

"तुम्ही म्हणाला होता, पोटात गेलं की गेलं."

त्या खरंच गोंधळल्या. "अगं, पण त्या पोरीची भीती गेली ना?"

"माझ्या नावाने?"

"मग कसं सांगू? नाव नाही घेतलं तर पोरी विश्वास नाही करत. तू केला असतास?"

फोरमनची बायको, तिची जाऊ, बँकवाली, सगळ्या एकदम डोळ्यांसमोर आल्या. त्यांनीही वॉर्डात हात धरूनच मागितलं असेल, कुणाला सांगू नका. मला ज्या उबेत मूल झालं, ती ऊब कुणाकुणाच्या अंगावरून ओढून आणलेली होती, हे मला दारात उभ्या उभ्या कळलं.

"मग तुमचं नाव घ्यायचं," मी म्हटलं. "तुम्हाला तीन मुलं."

काकूजींनी लाडवांची वाटी या हातातून त्या हातात घेतली. पदर सारखा केला. खोचला नाही.

"माझं?" त्या म्हणाल्या. "छे गं. माझं तसलं काही नव्हतं झालं."

आणि वाटी उंबऱ्यावर ठेवून गेल्या.

तुम्हाला काय वाटतं? मला बोट दाखवलं त्याचं दुःख मी कदाचित गिळलं असतं. ज्या हाताने मला पुसलं, त्या हाताला तेवढा हक्क असेलही. पण सगळ्यांचंच होतं म्हणणाऱ्या बाईने त्या सगळ्यांतून स्वतःला तेवढं वेगळं काढून ठेवलं होतं, हे नाही गिळता आलं.

दिवाळीनंतर काकूजींचा मुलगा त्यांना भोपाळला घेऊन गेला. गाडी दारात उभी होती, सगळ्या बायका नमस्काराला गेल्या. मी जाळीच्या दाराआड मुलीला घेऊन थांबले. काकूजींनी गाडीत बसण्याआधी माझ्या दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मुलाने दार लावलं.

समोरच्या सुनेचे दिवस भरले तेव्हा तिचा नवरा सवयीने आधी काकूजींच्याच घरी गेला. कुलूप बघून माझ्याकडे आला. "दीदी, आप चलेंगी क्या? घरात सोबतीला बाई कुणी नाही." मी चपला घातल्या.

टेबलावर ती पोर दात आवळून पडली होती. सिस्टर जोर लावायला सांगत होती आणि ती आवरत होती. तिच्या तोंडावरचं ते मी लांबून ओळखलं.

"काही होत नाही, होऊ दे," मी म्हटलं. "माझं झालं होतं. तुला माहीतच आहे."

ती कण्हत म्हणाली, "एकट्या तुमचंच ना?"

बँकवालीचं नाव ओठांवर आलं होतं. ते घेतलं नाही.

"काकूजींचं पण," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले. "काकूजींचं?"

"तिन्ही वेळा."

ती हसली, आणि हसता हसता जोर लावला.

मी बोलले ते खरं की खोटं, ते फक्त काकूजींना माहीत. आणि नाही म्हणायला त्या तिथे नव्हत्या.