गाडीत दहा, कबरीपाशी नऊ

मले कोणाचाही आवाज काढता येते. कारंज्याच्या एसटी स्टॅन्डवर माइकमधून खेकसणारा कंट्रोलर, आमचे हेडमास्तर, नळ आला म्हणून वरडणारी समोरची मावशी. लग्नात जेवणाच्या पंगतीत मले उभं करतात अन् म्हणतात, लाव बे एक. पण माहा सगळ्यात चालणारा आवाज व्हता शेजारच्या सरचा.

सर आमाले गणित शिकवत. मूळचे ठाण्याकडचे, यहुदी. गावात अर्धे लोक त्यायले ख्रिस्ती समजत अन् अर्धे बोहरी. सर कोणालेच दुरुस्त करत नव्हते. रिटायर झाल्यावर पोरगा म्हणे ठाण्याले चला, पण सर गेले नाईत. सरची बायको, आमची काकू, तिची कबर इथं व्हती ना. गावाबाहेर, ख्रिस्ती लोकायच्या कब्रस्तानाले लागून एक पट्टी भेटली व्हती, तिच्यात एकटी काकू.

काकू गेली तवा सात जण जमले व्हते. तीन कमी पडले, म्हणून कद्दिश झालं नाई. हे सर मले इतक्यांदा सांगत की मी त्यायच्यासमोरच त्यायची नक्कल करो, "तीन कमी पडले रे, तीन." सर हसत. आता आठवलं की माहं मलेच कसंतरी होते.

कद्दिश म्हणजे मेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. पण तिच्यात मरणाचा एक शब्द नाई. सगळी देवाची थोरवी.

मी म्हटलं, "सर, आपलं माणूस मेलं अन् तारीफ देवाची? काहून?"

"म्हणूनच ती एकट्याला म्हणू देत नाहीत," सर म्हणाले. "एकटा माणूस मध्येच थांबेल. दहा जण लागतात, आमेन म्हणून पुढं ढकलायला."

मी मांगं लागलो तवा त्यायनं ती मले शिकवली. हिब्रू बी नाई, त्याच्याहून येगळी जुनी भाषा हाय म्हणे. दोन ओळी म्हणत, थांबत, अन् बजावत, "मी शिकवतोय हां. म्हणत नाहीये." महिनाभरात मले पाठ झाली. सरचा घसा, सरचा दम, शेवटल्या अक्षराले येणारी थरथर, सगळं सेम टू सेम.

आनखी एक सांगत. माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नाईत. दहा शब्दायची एक ओळ हाय, एका माणसाले एक शब्द देत जायचा. ओळ पुरी झाली की दहा झाले. मी म्हटलं, "गणिताचा मास्तर अन् माणसं मोजत नाई! पोरायले सांगू का?" मले लय मजा आली व्हती. पण कोणते दहा, हे मी कधी इचारलंच नाई.

सरची एकच इच्छा व्हती. "माझ्या वेळी इथं कद्दिश होऊ दे. तिच्या बाजूला. तिलाही ऐकू जाईल."

सर बुधवारी दुपारी गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. मीच चहा घेऊन गेलतो. ठाण्याले सरच्या पोराले फोन केला तं तो रडाले लागला. मंग म्हणे, "मी गाडीचं बघतो. तू अकोल्याच्या काकांना कळव."

अकोल्याचे काका म्हणजे सरचे जुने दोस्त, रेल्वेतून रिटायर झालेले. या साऱ्या भागात सर सोडून दुसरा यहुदी माणूस तोच. मी फोन केला. मंग म्हणे, "उद्या नागपूरला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचंय. रद्द करतो. दहा लागतात."

सकाळी सरच्या पोराचा फोन आला, "निघालो रे. गाडीत दहा जण आहोत."

मी खूश. मनात म्हटलं, सर, जमले तुमचे. अन् लगेच काकाले फोन लावला. "काका, दहा झाले! तुमी गुडघ्याले कायले तरास देता? आरामात जा नागपूरले." वरून सरच्या आवाजात म्हटलं, "आधी पाय सांभाळा हो." काका रडता रडता हसले. मले वाटलं, पाह्य, आपण दुःखातबी माणसाले हसवतो.

गाडी चारले पोचली. त्यायनं सरले आंघोळ घातली, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं. कबरीपाशी सगळे उभे राह्यले. त्यायच्यातला एक म्हातारा प्रार्थना सांगणारा व्हता, त्याले ते हजान म्हणत. त्यानं ती ओळ सुरू केली. एकाकडं पाहे अन् एक शब्द म्हणे. बोट दाखवणं नाई. नववा शब्द झाला. सरची बहीण पोराच्या बाजूले उभी व्हती. हजानची नजर तिच्यावरून पुढं गेली अन् रस्त्यावर जाऊन थांबली.

पोरानं मले इचारलं, "अकोल्याचे काका कुठवर आले?"

मी म्हटलं, "ते नाई येऊन राह्यले दादा. मीच नका म्हटलं. तुमीच म्हणे ना, गाडीत दहा."

"आत्याला धरून दहा, अरे!"

सरची बहीणच बोलली, "आम्हा बायकांना धरत नाहीत बाळा." भाजीत मीठ कमी हाय, असं सांगावं तसं. समोर तिचा भाऊ कपड्यात गुंडाळून ठेवला व्हता.

मी काकाले फोन लावला. मांगून रेल्वेचा खडखड आवाज. "पोरा, वर्धा गेलं," ते म्हणाले. "काय झालं? कमी पडला का?"

मी सांगाच्या आधी त्यायनंच फोन ठेवला.

मी हजानपाशी गेलो. "बाबा, मले सगळं पाठ हाय. सरनंच शिकवलं. मी उभा राहू का?"

तो चिडला नाई. ते लागलं मले. म्हणे, "तुला पाठ नसतं, तू मुका असतास, पण आमच्यातला असतास, तर चाललं असतं."

दिवस कलला तसं नऊ जणायनं सरले खाली ठेवलं. दुसऱ्या प्रार्थना म्हटल्या, माती लोटली. पोरगा म्हणे, "ठाण्याला म्हणेन मी. अकरा महिने, रोज." मी म्हटलं, "पण दादा, सरले इथं पाहिजे व्हतं." तो माह्याकडं पाह्यत राह्यला. सात दिवसाचं सुतक ठाण्याले, म्हणून गाडी तशीच परत गेली.

अडीच महिन्यानं अकोल्याचे काका काठी टेकत एसटीतून उतरले. म्हणे, कबर दाखव. तिथं दोघांच्या मधात ते लय वेळ उभे राह्यले. मी म्हटलं, "काका, मले दोन थापडा तरी मारा."

"त्यानं दहावा येतो का?"

मंग म्हणे, "तू त्याचा आवाज काढतोस ना? काढ."

"काय म्हणू?"

"तेच."

मी म्हटलं. पहिल्या शब्दापासून, सरच्या घशानं, सरच्या दमानं. काकायनं डोळे मिटले. जिथं बाकीच्यायनं आमेन म्हणायचं असते, तिथं मी थांबलो. काकाचे ओठ हलले, पण आवाज निंघाला नाई. बाजूच्या वावरात कोणीतरी सोयाबीनवर फवारा मारून राह्यलं व्हतं, त्या पंपाचा तेवढा आवाज. मी पुढं म्हटलं. पुन्हा आमेनची जागा आली. पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा मले पुढं जाताच आलं नाई.

काकायनं डोळे उघडले. "आवाज त्याचाच आहे," ते म्हणाले. मंग काठी उचलून इचारलं, "अकोल्याची बस किती वाजता?"