खटका धरून ठेव

सगळी गल्ली त्यांना किल्लीमास्तर म्हणायची, आणि ते काही उगाच नाही. कुलूप कुठलंही असो, मास्तरांनी कान लावला, तार फिरवली की दोन मिनिटांत मुकाट उघडायचं. सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही कुलपापुढे हात टेकले नव्हते. जगाची दारं उघडून देणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र लावून घ्यायला एकही दार नव्हतं, आणि हे त्यांच्याही ध्यानात पन्नाशी उलटेपर्यंत आलं नव्हतं.

दुकान म्हणजे कोपऱ्यावरची टपरी. किल्ली घासून होईपर्यंत गिऱ्हाईक समोर उभं, आणि उभं गिऱ्हाईक गप्प कसं बसणार? कुणाचं पोट बिघडलेलं असायचं, कुणाची सून. घरी यावं तर तीन खोल्यांत सहा माणसं. दोन मुलींत एक आरसा, म्हणून खटके रोजचेच. मेव्हणा दोन दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला चार वर्षं झाली होती. तो वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, कारण मास्तरांच्या आईला ऐकू येत नसे. मृत्युलेखांपासून गादी-विक्रीच्या जाहिरातींपर्यंत तो असा वाचायचा की शेजाऱ्यांनी वर्तमानपत्र घेणंच बंद केलं होतं.

आईचे कान गेले त्याला आठ वर्षं झाली. दोन्ही नातींना एकदमच बासरी शिकायची हौस आली, त्याच वर्षी. डॉक्टर म्हणाले, कान तर चांगले दिसतायत, वय झालं, दुसरं काय. तेव्हापासून "आई, गोळी घेतलीस का?" असं विचारलं की "झोळी? कुठली झोळी?" असं उत्तर यायचं. प्रत्येक गोष्ट तीनदा ओरडून सांगावी लागे. चहा हा एकच शब्द तिला कुठूनही ऐकू यायचा, पण तो वासानं कळत असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. राहता राहिली बायको. ती दुपारी बादलीभर कपडे घेऊन गच्चीवर वाळत घालायला जायची आणि तासाभरानं रिकामी बादली घेऊन खाली यायची.

असंच एका रविवारी मास्तर जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत जुनी कुलपं शोधायला गेले. वाऱ्यानं दार लागलं, किल्ली कधीच हरवलेलं खटक्याचं कुलूप बसलं, आणि आतली मूठ त्यांच्या हातात आली. त्यांना हसूच आलं. खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता. पाऊण मिनिटाचं काम. पण तो काढायच्या आधी ते क्षणभर एका ट्रंकेवर टेकले.

वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत आली होती. कुणी काही विचारत नव्हतं. मेव्हण्याचा आवाज दाराच्या जाड फळीतून असा येत होता की शब्द गळून नुसतं गुरगुरणं उरावं. मास्तरांनी एक जांभई दिली, पूर्ण दिली, मधे कुणी हाक मारली नाही. आपल्याला श्वास घेता येतो हे त्यांना फार दिवसांनी कळलं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

थोड्या वेळानं शोधाशोध सुरू झाली. मेव्हण्यानं दार ठोठावून विचारलं, "दाजी, आत काय करताय?" आता आत मी काहीच करत नाही आणि मला तेच करायचंय, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? मास्तर म्हणाले, "कुलूप निघत नाहीये."

चाळीस मिनिटांनी ते निघालं. बाहेर आलेले मास्तर इतके प्रसन्न होते की त्यांनी आपण होऊन मेव्हण्याची तब्येत विचारली. मेव्हणा घाबरला.

मग ते कुलूप दर रविवारी बिघडू लागलं. पुढे बुधवारीही. मास्तरांनी आत एक उशी नेऊन ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. एका कुलपाच्या जिवावर त्यांची पाठदुखी गेली, झोप सुधारली, आरशावरून भांडणाऱ्या मुलींचं त्यांना कौतुक वाटू लागलं.

पण मेव्हण्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. महिनाभरात गल्लीभर झालं की किल्लीमास्तर स्वतःच्या घरात अडकतात आणि त्यांना सुटता येत नाही. लोक टपरीवरून जाताना "काय मास्तर, सुटलात का?" विचारू लागले. समोरच्या फुटपाथवरच्या कुलूपवाल्याला तर आयतं कोलीत मिळालं. त्यानं पाटी लावली, "येथील कारागीर अडकत नाहीत." मास्तरांनी तीही गिळली. पण एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ कपाटाचं कुलूप घेऊन आले, मास्तरांकडे पाहून घुटमळले आणि कुलूप परत पिशवीत घालून समोर गेले. ते मात्र जिव्हारी लागलं. सव्वीस वर्षांत कमावलं होतं ते एवढंच, नाव.

मास्तरांनी कानाला खडा लावला. बारा दिवस त्या खोलीकडे फिरकले नाहीत. त्या बारा दिवसांत त्यांनी दोन किल्ल्या उलट्या घासल्या, एकाची किल्ली दुसऱ्याला दिली, आणि सुनेविषयी सांगणाऱ्या बाईंना "मग तुम्हीच घर सोडा" असा सल्ला दिला. तेराव्या दिवशी, फक्त पाच मिनिटं, असं मनाशी म्हणत ते आत गेले आणि खटका सोडला.

मेव्हणा टपलेलाच होता. दाजींची या संकटातून कायमची सुटका करायची, असं त्यानं मनापासून ठरवलं होतं. त्याचं मन चांगलं होतं, हीच तर अडचण होती. तो पळत गेला आणि समोरच्या कुलूपवाल्यालाच घेऊन आला. मागोमाग अर्धी गल्ली.

आत मास्तरांना हत्यारांची पेटी आपटल्याचा आणि समोरच्या कुलूपवाल्याचा आवाज आला. समोरच्यानं दार उघडलं तर सव्वीस वर्षं पाण्यात. आपणच उघडून बाहेर यावं, तर इतके दिवस का उघडलं नाही, याचं उत्तर द्यावं लागणार. मला तुमच्यापासून लांब बसायचं असतं, हे आईला, बायकोला, पोरींना कसं सांगायचं? यांना आमचा कंटाळा आला, असंच त्या समजणार. तसं नव्हतं. बाहेर आल्यावर सगळी जास्तच आवडत होती. पण हे कोण ऐकून घेणार?

दाराला कपाळ टेकवून मास्तर पुटपुटले, "आता काय करू?" इतकं हळू, की त्यांचं त्यांनाच नीट ऐकू आलं नाही.

दाराच्या फटीतून तेवढ्याच हळू आवाजात उत्तर आलं. "खटका धरून ठेव."

आवाज आईचा होता.

विचार करायला वेळ नव्हता. मास्तरांनी खटक्याची कळ दोन्ही हातांनी धरली आणि भिंतीला पाय रोवले. बाहेर कुलूपवाल्यानं तार घातली, फिरवली. आत कळ थरथरली, पण हलली नाही. त्यानं दुसरी तार घेतली, तेल सोडलं, कान लावला, कपाळ पुसलं. मेव्हणा प्रत्येक प्रयत्न मागच्यांना मोठ्यानं सांगत होता. पाऊण तासानं कुलूपवाला म्हणाला, दार फोडावं लागेल. तेवढ्यात बायको रिकामी बादली घेऊन गच्चीवरून उतरली. दाराला हात लावायचा नाही, परवाच रंग दिलाय, असं तिनं बजावलं.

अखेर कुलूपवाल्यानं पेटी आवरली. गर्दीकडे न बघता म्हणाला, "असलं कुलूप मी जन्मात पाहिलं नाही. हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही."

तो गल्लीच्या टोकाला पोचला असेल नसेल, कुलूप आतून उघडलं आणि मास्तर बाहेर आले. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. ते म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन तिथेच उभे होते. संध्याकाळपर्यंत पाटी उतरली होती.

दिवेलागणीला मेव्हणा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पोचला होता. मास्तर आईशेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं या बाईला आपण ओरडून ओरडून सांगत आलो, आणि हिनं सगळं ऐकलं. बासऱ्या ऐकल्या, गाद्यांच्या जाहिराती ऐकल्या, आपण पुटपुटलेलंही ऐकलं. तिच्याइतकं जवळचं त्यांना त्या घडीला जगात कुणी वाटलं नाही. त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "आई, तुला ऐकू येतं?"

आईनं मान वळवली नाही. "हळू बोल," ती म्हणाली. "आठ वर्षांची मेहनत आहे."

"तूसुद्धा आत बसत जा ना कधीकधी. उशी आहे."

"मला खोली लागत नाही. तू बस," आई म्हणाली. "आणि तिला विचारू नकोस, बादलीभर कपड्यांना तास कसा लागतो ते."

मास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको पाठमोरी उभी होती. लग्नाच्या बावीस वर्षांत हा हिशेब त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

मेव्हण्यानं वर्तमानपत्र खाली करून विचारलं, दाजी, काय बोलताय दोघं? मास्तर घसा खाकरून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडले, "आई, गोळी घेतलीस का?"

"झोळी?" आई म्हणाली. "कुठली झोळी?"