कुंडली न बघता घेतलेली मेमरी

कोंडिराम कासाऱ्यांना राग यायला निमित्त लागत नसे, पण ‘कुंडली’ या शब्दाने तो हमखास यायचा. भाईंदरच्या बौद्ध मंडळाच्या वधू-वर मेळाव्याचे ते चिटणीस. मागच्या मेळाव्यात म्हाताऱ्या धर्माजींनी एका मुलाच्या बापाला हळूच जन्मवेळ विचारली, ते यांच्या कानावर गेलं. कोंडिरामांनी माईकवरून बावीस प्रतिज्ञांची अशी काही आठवण करून दिली, की धर्माजी जेवायलाही थांबले नाहीत.

साल अठ्ठ्याण्णव. ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप कोंडिरामांनी घरी आणला आणि एका बोटाने टाइप करत तीन महिन्यांत दोनशे बारा स्थळं त्यात भरली. आता वह्यांचे दिवस संपले, असं जाहीर करून जुनी वही आणि सगळे फॉर्म रद्दीत घातले.

“अहो, मेळावा होईपर्यंत तरी ठेवा,” सरोजाबाई म्हणाल्या होत्या. बायकोचं ऐकतील तर ते कोंडिराम कसले!

यादी पुरी झाली आणि उघडेनाशी झाली. मेमरी अपुरी आहे, असं यंत्राने इंग्रजीत कळवलं. फ्लॉपीची खाच आधीच नादुरुस्त, त्यामुळे यादी दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचीही सोय नाही. मेळावा चार दिवसांवर, आणि दोनशे बारा पोरापोरींची लग्नं त्या काळ्या पेटीत अडकून पडलेली.

कोंडिराम स्टेशनजवळच्या जयेशभाईंच्या दुकानात गेले. हातात मेमरीच्या खाचेचं माप लिहिलेला कागद.

जयेशभाई म्हणाले, “अरे काका, माप से क्या होगा? मशीन का नंबर लाओ. मेमरी भी जात-जात की आती है. पहले कुंडली मिलानी पडेगी.”

झालं. कोंडिरामांचे कान तापले. “कुंडली-बिंडली हमारे में चलता नहीं! इस माप का दो.”

“फिट हो जाएगा. लेकिन चलेगा, गॅरंटी नहीं. वापस भी नहीं लूंगा.”

“दो म्हटलं ना!”

मेमरीची पट्टी खाचेत अगदी टक्क बसली. “बघितलंस? कुंडली म्हणे!” कोंडिरामांनी बायकोला ऐकवलं आणि बटण दाबलं. यंत्र तीनदा पिक-पिक करून गप्प झालं. पडदा काळा ठिक्कर.

पट्टी काढली की यंत्र सुरू, घातली की बंद. त्यांनी तिचे पाय खोडरबराने घासले, फुंकर मारली, लॅपटॉपच्या पाठीत चापट मारली, यंत्र बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. शेवटी सरोजाबाई म्हणाल्या, “तो भाई नंबर मागत होता ना? मग द्यायचा होतात की.” कोंडिराम पानावरून उठले.

शनिवारी लॅपटॉप काखेत मारून ते पुन्हा दुकानात हजर. “वो… मिला के देखो.”

“क्या? कुंडली?”

“नंबर!”

जयेशभाई हसले नाहीत, हीच मेहेरबानी. यंत्र पालथं करून त्यांनी पाठीवरची चिठ्ठी वाचली. “काका, आप नई जात की ले गए. इसको पुरानीवाली चाहिए. मंगाता हूँ, बुधवार को आएगी.”

मेळावा उद्या होता. त्या क्षणी कोंडिरामांना रडूच यायचं बाकी होतं.

रविवारी जवळच्याच मुर्धा गावच्या शाळेत दीडशे माणसं जमली. यादी कुठं आहे, यादी कुठं आहे, असं जो तो विचारू लागला. कोंडिराम माईकपाशी गेले. ‘तांत्रिक अडचण’ हे शब्द सकाळपासून घोकले होते, तेच नेमके आठवेनात.

“मंडळी, यादी आहे. आत आहे. मेमरी पण आणली. मापाला बरोबर होती, बसली पण नीट. फक्त…” त्यांनी माईक उगाच खालीवर केला. “फक्त कुंडली जुळली नाही.”

मग मागच्या रांगेतून धर्माजी उठले. “चिटणीस, जन्मवेळ विचारली व्हती का?”

जे हसू फुटलं ते थांबेना. सरोजाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोंडिरामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते खाली उतरले, टेबलाशी बसले आणि कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढे ओढला. “कुणाला पहिला भरायचाय?”

धर्माजी काठी टेकत आले आणि समोर बसले. आता ते हसत नव्हते.

“लिवा. नातीचा,” ते म्हणाले. “मागल्या मेळाव्यात तुमी बोललात, तरी जाताना भरून दिला व्हता. तो पण रद्दीत घातलात ना?”

कोंडिरामांनी मान वर केली नाही. पेनचं टोपण काढलं आणि मुलीचं नाव विचारलं.